बर्फातला काळा पक्षी

प्रश्न : स्पितीत हिवाळ्यात काढलेल्या चफ पक्ष्यांच्या फोटोंत बर्फ राखाडी आणि पक्षी नुसता काळा ठिपका दिसतो. काय करावे?

उत्तर : कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सारे मध्यम राखाडी धरतो, म्हणून बर्फ मळकट होतो आणि पिसांतले बारकावे बुडतात. मॅन्युअल मोड वापरा. बर्फावर स्पॉट मीटरिंग करून एक्स्पोजर दीड ते दोन स्टॉप वाढवा, हिस्टोग्राम उजव्या कडेला आदळू देऊ नका आणि फोटो रॉ फाइलमध्येच घ्या. उजेड तोच असेपर्यंत पक्षी आकाशात गेला तरी सेटिंग बदलावे लागत नाही. भर दुपार टाळा. उडत्या चफच्या पंखांखाली बर्फावरून परतलेला प्रकाश पोहोचतो. मला तीच चौकट सर्वांत मोलाची वाटते. जवळ बोलावायला बिस्किटे मात्र टाकू नका. गावाजवळचे चफ धीट असतात, स्थिर बसलात तर आपणहून जवळ येतात.