फुलांचा बाजार आणि लोकरूढि : रुमानियाचें उदाहरण

फुलें हें चैनीचें पीक आहे, पोटाचें नव्हे, असें म्हणून पुष्कळ बागाईतदार फुलशेतीकडे दुर्लक्ष करितात. परंतु फुलास किंमत येते ती केवळ रंगानें वा वासानें नव्हे. ती लोकांच्या चालीरीतींमुळें येते. ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे हें पीकहि धान्याइतकेंच हिशेबाचें आहे असें दिसून येईल. आग्नेय युरोपांतील रुमानिया देशाचें उदाहरण त्यासाठीं आम्ही येथें घेत आहों.

रुमानियांत हिंवाळा कडक असतो. बर्फ वितळूं लागलें कीं रानांत प्रथम डोकें वर काढतें तें 'ग्योचेल' नांवाचें लहान पांढरें फूल. त्याच सुमारास, १ मार्च रोजीं, 'मर्त्सिशोर' हा सण येतो. त्या दिवशीं तांबड्या व पांढऱ्या दोऱ्यांचा पीळ लहानशा पदकासह स्त्रियांस भेट देतात व पुष्कळदा त्याबरोबर या फुलांची जुडीहि देतात. रुमानिया व तिच्या शेजारच्या देशांतील १ मार्चच्या या चालीरीती २०१७ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत घेतल्या. लागलीच ८ मार्चला महिलादिन येतो. तेव्हां आई, पत्नी व शिक्षिका यांस फुलें देतात. अशा रीतीनें एका आठवड्यांत फुलांचा मोठा हंगाम साधतो. ईस्टरपूर्वीच्या रविवारास तर 'फ्लोरी' हें फुलांवरूनच पडलेलें नांव आहे. फुलांचीं नांवें धारण करणारीं माणसें त्या दिवशीं आपला नामदिन साजरा करितात. २४ जूनला 'सिन्झिएने' नांवाच्या पिवळ्या रानफुलांचीं कडीं विणून घराच्या छपरावर टाकण्याची खेड्यांतून चाल आहे.

गुच्छांतील फुलांची संख्यासुद्धां रूढीनें ठरलेली आहे. जिवंत माणसास द्यावयाचीं फुलें विषम, म्हणजे तीन, पांच, सात अशीं. सम संख्या केवळ प्रेतासाठीं. हा नियम न जाणणारा फुलविक्या तेथें गिऱ्हाईक गमावील.

कला व राजकारण यांतहि फुलास मान आहे. स्तेफान लुकियान (१८६८-१९१६) हा चित्रकार आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत दुखण्यानें लुळा पडला असतांहि फुलांचीं चित्रें काढीत राहिला. त्याचीं अनिमोनी फुलांचीं चित्रें विशेष प्रसिद्ध आहेत. २०२२ सालीं 'बुझोर' या तांबड्या फुलास कायद्यानें राष्ट्रीय पुष्प ठरविण्यांत आलें. राजधानी बुखारेस्टच्या दक्षिणेस कोमाना येथील अरण्यांत तें मे महिन्यांत आपोआप फुलतें.

परंतु रूढीमुळें मागणी वाढली म्हणजे धोकाहि वाढतो. रानांतील ग्योचेल खुडल्यास त्याचें बीं धरत नाहीं, आणि कंद उपटल्यास झाडच नाहींसें होतें. या जातीच्या सर्व वनस्पतींच्या परदेशीं व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचें नियंत्रण आहे. परवान्यावांचून रानचे कंद परदेशीं पाठवितां येत नाहींत. जें फुकट मिळतें तें फार दिवस मिळत नाहीं, हा येथला पहिला धडा.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. रूढि रुमानियाची खरी, परंतु तेथील दुकानांतील बरीच फुलें येतात हॉलंडांतून. हॉलंडांतील आल्समेर गांवच्या बागाईतदारांनीं १९११-१२ च्या सुमारास फुलांचे लिलाव करणाऱ्या आपल्या संस्था काढल्या. १९६८ सालीं त्या एक झाल्या, आणि २००८ सालीं ती संस्था दुसऱ्या मोठ्या संस्थेंत मिळाली. आजहि तिचे मालक बागाईतदार सभासदच आहेत. लिलावांत घड्याळासारखा कांटा चढ्या भावापासून खालीं उतरतो, व जो व्यापारी प्रथम कळ दाबील त्यास माल मिळतो. घासाघीस करण्यास वेळ नाहीं, आणि चढा भाव सोडून थांबल्यास माल हातचा जाण्याची भीति व्यापाऱ्यास असते. शिवाय तेथील बागाईतदार तिथि धरून पीक आणितो. ट्यूलिपचे कंद सुमारें १२ ते १६ आठवडे थंडींत ठेवून मग कांचघराच्या उबेंत आणिले म्हणजे फूल ठराविक आठवड्यांतच येतें.

आमच्या वाचकांस दसऱ्याच्या झेंडूचा अनुभव आहेच. आदल्या दिवशीं ज्यास भाव असतो तें फूल दुसऱ्या दिवशीं ढिगानें पडून राहतें. म्हणून आमचें सांगणें इतकेंच : सणाच्या तिथीपासून मागें दिवस मोजून लागवड करावी, एकाच दिवसावर सर्व पीक टाकूं नये, आणि विक्री एकेकट्यानें न करतां मिळून करावी. सण सर्वांचाच असतो. त्यांतील पैसा मात्र ज्यानें वेळ व विक्री यांची व्यवस्था अगोदर लाविली त्याच्याच घरीं जातो.