देखभालीचे दार कुणासाठी उघडे?

प्रश्न : आमचा जावा सर्व्हर मुंबईत आहे आणि देखभाल झाशीहून होते. स्प्रिंग बूट ॲक्चुएटरचे सगळे एंडपॉइंट उघडे ठेवले तर चालेल का? पत्ता बाहेर कुणालाच ठाऊक नाही. – एक वाचक, झाशी

उत्तर : नाही, सगळे उघडे ठेवू नका. ॲक्चुएटरचे मार्ग ठरलेले आणि जाहीर असतात. इंटरनेट चाळणारे प्रोग्राम तेच मार्ग आधी तपासतात, त्यामुळे पत्ता गुप्त राहील ही आशा फोल आहे. त्यात ‘हीपडंप’ सर्वांत घातक, कारण त्या क्षणी मेमरीत असलेले पासवर्ड, टोकन आणि क्लाउडच्या किल्ल्या त्या एकाच फाइलमध्ये सापडू शकतात. 2024 च्या डिसेंबरात फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे 8 लाख विद्युत गाड्यांची माहिती उघडी पडल्याचे समोर आले, तिथेही वाट अशाच हीपडंपमधून गेली होती. स्प्रिंग बूट 2.0 ने (2018) मुळात ‘हेल्थ’ आणि ‘इन्फो’ एवढेच वेबवर ठेवले, ते उगीच नव्हे. उघड्या एंडपॉइंटच्या यादीत ‘सगळे’ या अर्थाचे एक तारांकन टाकून आपण तो विचार पुसून टाकतो.

यावर कुणी म्हणेल, सर्व्हर अडला तर दुरून निदान कसे करायचे? ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच या सोयी बंद करा असे मी म्हणत नाही. व्यवस्थापनाचा पोर्ट वेगळा ठेवा, तो 127.0.0.1 ला बांधा आणि झाशीहून एसएसएच बोगद्यातून तिथे पोहोचा. जेएमएक्स या जावाच्या देखरेखीच्या सोयीलाही हाच नियम लावा. दूरस्थ पोर्ट दिला की त्यात पासवर्ड आणि एसएसएल आपोआप लागू होतात. घाईत ते बंद करू नका.