एक व्होल्ट, बारा व्होल्ट आणि दहावीनंतरचा निर्णय

सोसायटीच्या पार्किंगमधला कॅमेरा दिवसभर ठणठणीत चालतो. अंधार पडला की चित्र गायब, सकाळी पुन्हा हजर. बसवणारा येतो, कॅमेरा बदलतो, बिल लावतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

ज्याला वीज कळते तो संध्याकाळी येतो आणि कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावतो. अंधारात इन्फ्रारेड एलईडी लागतात, कॅमेरा जास्त करंट ओढतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, अंतर 40 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 80. तिचा रोध जवळपास 3 ओहम. अर्धा अँपिअर वाहिला की दीड व्होल्ट तारेतच खर्च होतो आणि 12 चे साडेदहा उरतात. तार तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची निघाली तर त्याहूनही कमी. इलाज जाड तारेचा किंवा 12 व्होल्ट पुरवणारा एसएमपीएस जवळ आणण्याचा. कॅमेरा बिचारा निर्दोष असतो.

त्याच केबलमधून चित्रही येतं, पण त्याचा हिशेब निराळा. जुन्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याचा व्हिडिओ सिग्नल शिखरापासून तळापर्यंत अवघा 1 व्होल्ट: 0.3 चित्राच्या ओळी जुळवणाऱ्या सिंकचे, 0.7 चित्राचे, तेही 75 ओहमच्या भारावर. केबलच्या शेवटी हा भार, म्हणजे टर्मिनेशन, नसेल तर सिग्नल जवळपास दुप्पट होऊन चित्र पांढरंफटक पडतं. दोन ठिकाणी असेल तर अंधूक. म्हणून ‘चित्र अंधूक आहे, सप्लाय वाढवा’ हा सल्ला निव्वळ अडाणीपणाचा. सप्लाय वाढवून सिग्नल वाढत नाही, कॅमेरा मात्र जळू शकतो. आणि हा 1 व्होल्ट साध्या मल्टिमीटरवर नीट मोजता येत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो.

हे सगळं सांगायचं कारण, ‘कॅमेरे बसवायचं काम म्हणजे शिडीवर चढून भिंतीला भोकं पाडणं’ असं पालक म्हणतात. सुरुवातीला बरंचसं तसंच असतं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण भोकं पाडणारे गल्लोगल्ली मिळतात. बिघाड सप्लायचा की सिग्नलचा, हे मोजून सांगणारा शोधावा लागतो. या कामात पुढे सरकतो तो दुसरा.

त्यासाठी दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हा 2 वर्षांचा ट्रेड आहे, किंवा पॉलिटेक्निकचा 3 वर्षांचा डिप्लोमा. हाताने काम करायची आवड असलेल्या मुलाला आधी आयटीआयला घालण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. मात्र नेटवर्किंग शिकल्याशिवाय आता भागत नाही. आयपी कॅमेऱ्यात चित्र आकड्यांच्या रूपात येतं आणि वीजही त्याच नेटवर्क केबलमधून, साधारण 48 व्होल्टने; यालाच पीओई म्हणतात. व्होल्टेज जास्त म्हणून करंट कमी, आणि तारेत वाया जाणारी वीजही कमी. 2003 च्या पीओई मानकात एका पोर्टमधून 15.4 वॅट मिळतात, 2009 च्या मानकात 30. फिरत्या कॅमेऱ्याला कोणता स्विच घ्यायचा हे या आकड्यांवर ठरतं. तिथे ओहमचा नियम आणि आयपी अ‍ॅड्रेस दोन्ही लागतात.

‘सात दिवसांत सीसीटीव्ही तज्ज्ञ’ अशा जाहिरातींपासून चार हात लांबच राहा. संस्था बघायला जाल तेव्हा पोरालाही न्या आणि थेट प्रयोगशाळा दाखवायला सांगा. एका मीटरवर किती मुलं, ऑसिलोस्कोप मुलं स्वतः हाताळतात की सर लांबून दाखवतात, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा. फीची चौकशी त्यानंतर.