मनन : प्रभूजवळ पोहरा नव्हता
वाचन : योहान 4:1-42



गेल्या उन्हाळ्यात जातीच्या दाखल्यांचे फॉर्म घेऊन मी भूमजवळच्या एका पारधी वस्तीवर गेले होते. एका आजीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "नको आजी, माझ्याकडे आहे," म्हणत मी पिशवीतली बाटली दाखवली. आजी हळूच म्हणाली, "आमच्या घरचं चालत न्हाई का, ताई?"

टंचाईत तिचे पाणी वाचावे म्हणून मी नको म्हटले, अशी मी मनाची समजूत घातली. ते पूर्ण खरे नव्हते.

इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. पारधी समाजावरही जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. 1952 मध्ये कायदा गेला, पण लोकांच्या मनातला संशय गेला नाही. माझ्या "नको"मध्ये आजीला तोच ऐकू आला.

यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. तरी थकलेल्या प्रभू येशूने याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले. त्याच्याजवळ पोहराही नव्हता. जिवंत पाणी देणारा आधी मागणारा झाला.

मी तांब्या घेतला आणि पाणी प्याले. मग आजी शेजारी बसली आणि फॉर्मसाठी नातवंडांची नावे सांगू लागली.

विचार करा : ज्यांना आपण देतो, त्यांच्या हातचे आपण घेतो का?

प्रार्थना : प्रभो, आम्हाला नम्रपणे घ्यायलाही शिकव. आमेन.