मयत खातेदाराची जमीन : वारसनोंद, हक्कसोड आणि वाटणी

शेतकऱ्याच्या घरांत कर्तें माणूस वारलें म्हणजे पहिले तेरा दिवस कोणासहि कागदपत्रांची आठवण होत नाहीं, व ती न होणें हेंच माणुसकीस धरून आहे. परंतु तेरावें उरकून जे आप्तइष्ट आपापल्या गांवीं परततात, त्यांपैकीं निदान एकानें तरी घरांतील जाणत्या माणसास एकीकडे बोलावून इतकें सांगून जावें कीं, उताऱ्यावर वारस लावून घ्या, पुढल्या हंगामावर टाकूं नका. एरंडोल तालुक्यांत ही गोष्ट बहुधा पुढल्या हंगामावरच पडते. आधीं कपाशीची वेचणी असते, मग रब्बीची पेरणी येते, मग लग्नसराई. आणि असें करतां करतां वारून वीस वर्षें झालेले वडील सातबाऱ्यावर मात्र जमीन कसीत राहतात.

हा विलंब पुष्कळ अंशीं एका गैरसमजांतून होतो. वारसनोंद, हक्कसोड व वाटणी या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. परंतु आपल्याकडे त्या एकच मानल्या जातात. ‘अजून वाटणीचें ठरलें नाहीं, तेव्हां वारस कसे लावावयाचे?’ असा प्रश्न चांगलीं शिकलेलीं माणसेंहि करतात. वस्तुतः वारसनोंद म्हणजे मयताच्या जागीं त्याच्या सर्व वारसांचीं नांवें लागणें, एवढेंच. तिच्यायोगें जमिनीचा तुकडा पडत नाहीं, बांध हलत नाहीं, व कोणाचा हिस्सा कमीजास्त होत नाहीं. हक्कसोड म्हणजे वारसांपैकीं एखाद्यानें राजीखुषीनें आपला हिस्सा दुसऱ्या वारसास सोडणें. आणि वाटणी म्हणजे ज्याचा त्याचा हिस्सा जमिनीवर निराळा काढणें. पहिली गोष्ट ताबडतोब करावयाची आहे. उरलेल्या दोन सवडीनें करण्यासारख्या आहेत, व मुळींच न केल्या तरी कायद्याचें कांहीं अडत नाहीं.

सरकारी मोजणी व दप्तर यांजबद्दल आपल्या लोकांचा अविश्वास जुना आहे. १८५२ सालीं इंग्रज सरकारनें खानदेशांत जमिनीची मोजणी चालविली, तेव्हां सावदें, फैजपूर, एरंडोल या भागांतील रयतेनें तिजविरुद्ध दंगा केला; मोजणी झाली म्हणजे सारा वाढणार, ही त्यांची धास्ती होती. पुढें १८७९ चा जमीन महसूल कायदा आला, तरी दप्तरांत मुख्यत्वें नोंद होती ती सारा कोणीं भरावयाचा याची. जमिनींत कोणाकोणाचा हक्क आहे, हें गांवोगांव लिहून ठेवण्याची व्यवस्था मुंबई इलाख्यांत १९०३ च्या हक्कनोंदीच्या कायद्यानें सुरू झाली. आजचे फेरफार व सातबारा त्याच व्यवस्थेंतून आले. मात्र आतां त्यांस आधार १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा आहे.

जुन्या दप्तरांतील एका संक्षेपाकडे येथें विशेष लक्ष वेधावयाचें आहे. वडील वारल्यावर सर्व भावांचीं नांवें न लावतां थोरल्या भावाचें एकट्याचें नांव लावावयाचें व त्यापुढें ‘ए. कु. क.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता, किंवा ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असें लिहावयाचें, ही पूर्वीं सर्रास चालत आलेली रीत होती. तींत कपट नव्हतें. सारा भरण्यास एक माणूस असला म्हणजे सर्वांचीच सोय होई. परंतु अशी कल्पना करा कीं, थोरला भाऊ वारला, मधल्या काळांत सातबारा नवीन लिहितांना तीं तीन अक्षरें गळालीं, आणि त्याच्या मुलांनीं वारस म्हणून फक्त स्वतःचीं नांवें लाविलीं. धाकट्या दोघां भावांचीं मुलें त्याच शेतांत घाम गाळीत आहेत. पण कागदावर तीं कोणीच नाहींत. मनें एक आहेत तोंवर हें कळतहि नाहीं. कळतें तें जळगांव-धुळें मार्गावरील राष्ट्रीय महामार्गासारख्या कामासाठीं जमीन घेतली जाते त्या दिवशीं. भरपाईची रक्कम येते, ती उताऱ्यावरील नांवांकडे जाऊं लागते, आणि हिश्शाबद्दल तक्रार उठली म्हणजे महामार्गाच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणें तो वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. ज्यांच्या घरीं असा जुना उतारा असेल त्यांनीं तहसील कचेरींतून जुने फेरफार व हस्तलिखित सातबारे यांच्या नकला आजच काढून ठेवाव्या. तीं तीन अक्षरें ज्या फेरफारांत आहेत तो कागद धाकट्या शाखांचा मोठा आधार होय.

आतां नोंदीची रीत. संहितेच्या १४९ व्या कलमाप्रमाणें वारसानें जमिनींत हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांचे आंत तलाठ्यास, ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असें नांव मिळालें आहे, तोंडी किंवा लेखी वर्दी द्यावयाची असते. वर्दी लेखीच द्यावी, व तिची पोच हातीं घेतल्यावांचून उठूं नये. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा व आठ-अ यांचे उतारे, आणि सर्व वारसांचीं नांवें, वयें व नातीं सांगणारें प्रतिज्ञापत्र लागतें. हल्लीं ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याहि अर्ज करतां येतो. वारसांची चौकशी गांव नमुना सहा-क मध्यें उतरते व नंतर गांव नमुना सहामध्यें फेरफार धरला जातो. संबंधितांस नोटीस निघते; हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते; आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती तक्रारींच्या नोंदवहींत जाते व सुनावणी होऊन निर्णय होतो. तो मान्य नसल्यास साठ दिवसांचे आंत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील आहे. तीन महिने उलटून गेले म्हणून हक्क बुडत नाहीं. नोंद पुढेंहि होते. २०२५ सालच्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेंत राज्यभर मयत खातेदारांचीं नांवें हुडकून वारस लावण्याचें काम झालें. अशी मोहीम काढावी लागली, यावरूनच किती घरांत हें काम तटलेलें होतें याची कल्पना यावी.

अर्ज करतांना कोणाचें नांव घालावयाचें व कोणाचें वगळावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार अर्जदारास नाहीं, ही गोष्ट पक्की ध्यानांत धरावी. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें मयत पुरुषाची विधवा, मुलगे, मुली व आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस होत. मुलीचें लग्न झालें आहे कीं नाहीं, याचा येथें कांहींएक संबंध नाहीं. वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलीस जन्मानें हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालींच दिला, पण त्या वेळीं आधींच लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीनें तो भेद गेला, आणि त्या दिवशीं वडील हयात असणें जरूर नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२० मध्यें स्पष्ट केलें. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वाटण्या व विक्र्या या दुरुस्तीनें मोडत नाहींत.

हिश्शांचा हिशोब एका उदाहरणानें पाहूं. एका खातेदाराची नऊ एकर, म्हणजे ३६० गुंठे जमीन आहे. तो अलीकडे वारला. मागें त्याची आई, पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत. जमीन त्यानें स्वतः विकत घेतलेली असेल तर सहा वारसांस प्रत्येकीं ६० गुंठे. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर हिशोब दोन पायऱ्यांनीं करावा लागतो. मृत्यूच्या आदल्या क्षणीं वाटणी झाली असें कायदा मानतो. त्या कल्पित वाटणींत तो स्वतः, पत्नी व चार मुलें यांस ६० गुंठ्यांप्रमाणें हिस्सा येतो. मग त्याचे एकट्याचे ६० गुंठे सहा वारसांत दहा-दहा वांटले जातात. म्हणजे पत्नी व प्रत्येक मूल यांस ७० गुंठे, आणि म्हाताऱ्या आईस दहा. तिच्या पतीच्या मृत्यूच्या वेळीं तिला कांहीं हिस्सा आला असेल तर तो निराळा. आई पूर्वींच वारली असती तर दोन्ही प्रकारांत पांच जणांस ७२ गुंठे आले असते. मुसलमान खातेदारांस हा हिशोब लागू नाहीं; त्यांच्या कायद्यांत मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा असतो. भिल्ल व इतर अनुसूचित जमातींसहि १९५६ चा कायदा आपोआप लागू होत नाहीं. त्यांनीं वकिलाचा सल्ला घ्यावा.

विधवेचा हिस्सा दोन ठिकाणांहून येतो ही गोष्ट पुस्तकी वाटेल, परंतु ती एका मराठी मुलुखांतल्या बाईनें भांडून पक्की करून घेतलेली आहे. १९६० सालीं सांगलीकडील एक गृहस्थ पत्नी, दोन मुलगे व तीन मुली मागें ठेवून वारले. त्यांची विधवा हिराबाई हिनें दावा लाविला. खालच्या न्यायालयानें तिला मिळकतीचा चोविसावा हिस्साच दिला, कारण पतीच्या चतुर्थांशाचा सहावा भाग तेवढाच होतो. उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, कल्पित वाटणींत पत्नीस स्वतःचा चतुर्थांशहि आला असता, तो तिला मिळालाच पाहिजे. म्हणजे चोविसांपैकीं सात हिस्से. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं हाच निर्णय कायम केला, आणि ‘गुरुपाद विरुद्ध हिराबाई’ या नांवानें तो देशभर आधारास घेतला जातो. एक हिस्सा कोठें आणि सात हिस्से कोठें! पण पतीच्या मृत्यूपासून निकालापर्यंत अठरा वर्षें गेलीं, हेंहि विसरूं नये.

हक्कसोडीविषयीं थोडें स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. बहिणीनें भावास हिस्सा सोडणें आपल्या समाजांत मोठेपणाचें मानलें जातें, व ती मनापासून सोडीत असेल तर त्यांत तिसऱ्यानें बोलण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु पुष्कळ ठिकाणीं तेराव्याच्या गर्दींतच, डोळ्यांतलें पाणी खळलें नाहीं तोंच, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घेतला जातो. अशा कागदाची किंमत शून्य आहे. स्थावराचें हक्कसोडपत्र योग्य मुद्रांकावर लिहून दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेलें असलें तरच तें चालतें. तलाठ्यापुढें दिलेल्या संमतीच्या जबाबानें हक्क सुटत नाहीं. आणि बहिणींचीं नांवें मुळांतच दडवून नोंद केली, तर ती बहीण किंवा तिचीं मुलें वीस वर्षांनीं येऊन ती नोंद उपटूं शकतात. आमच्या मतें भावांनींच पुढाकार घेऊन आधीं बहिणींचीं नांवें लावावीं, आणि हक्कसोडीचा विषय निघावयाचा तर तो बहिणीच्या तोंडून, वर्ष उलटल्यावर निघूं द्यावा. उत्राणकडील लिंबाच्या बागेस जेवढा धीर लागतो तेवढा यास लागणार नाहीं.

वाटणी करावयाची झाल्यास दोन मार्ग आहेत. सर्वांची संमति असेल तर संहितेच्या ८५ व्या कलमाखालीं तहसीलदाराकडे अर्ज करावा, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करावें. मालकीबद्दलच वाद असेल तर तहसीलदार वाटणी करूं शकत नाहींत; तेथें दिवाणी दावाच करावा लागतो. कोणत्याहि मार्गानें गेलें तरी १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडतां येत नाहीं. तेव्हां लहान धारणेच्या घरांत नांवें सर्वांचीं व वहिवाट समजुतीची, हीच व्यवस्था पुष्कळदां बरी. विहीर, रस्ता व पाण्याची पाळी यांविषयीं मात्र समजूत लेखी असावी. बांधापेक्षां मोटारीच्या पाळीवरून झालेलीं भांडणें अधिक आहेत.

मृत्युपत्र असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत कीं नाहींत तें पाहावें. नोंदणी सक्तीची नाहीं, पण असलेली बरी. वडिलांस एकत्र मिळकतींतील स्वतःच्या हिश्शाचेंच मृत्युपत्र करतां येतें, सबंध शेताचें नाहीं. बँकेंतील ठेवीस नामनिर्देशित केलेला माणूस पैसे उचलूं शकतो, पण केवळ तेवढ्यानें तो मालक होत नाहीं. इतर वारसांचा हक्क शाबूत राहतो. कर्जाविषयीं एक भीति उगीच बाळगली जाते. वारसनोंद केल्यानें सोसायटीचें कर्ज अंगावर येतें असें नाहीं. बोजा जमिनीवर आधींच आहे; वारस जबाबदार होतात ते त्यांच्या हातीं आलेल्या मिळकतीपुरते, आणि २००५ नंतरचें बापाचें कर्ज केवळ मुलगा म्हणून फेडण्याचें बंधन कायद्यांत उरलेलें नाहीं. उलट नोंद न केल्यानें नवें पीककर्ज अडतें. आणि पीएम किसानच्या हप्त्यास १ फेब्रुवारी २०१९ नंतर नांव लागलेल्यांपैकीं जे पात्र ठरतात, ते खातेदाराच्या मृत्यूमुळें वारसानें आलेले.

वारसांत अज्ञान मूल असेल तर त्याच्या नांवापुढें पालकाचें नांव ‘अ. पा. क.’ अशा खुणेनें लागतें. मूल अठरा वर्षांचें झालें कीं वयाचा दाखला देऊन ती खूण काढून घ्यावी. ती तशीच राहिल्यानें तिशींतले गृहस्थ दप्तरीं अज्ञान असल्याचीं उदाहरणें पुष्कळ दिसतात. जुना मृत्यु मुळींच नोंदविलेला नसेल, तर वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूच्या नोंदीस दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्याची तजवीज आधीं करावी. मागें एकाहून अधिक पिढ्या राहिल्या असतील तर वंशावळ काढून जो आधीं वारला त्याची नोंद आधीं, अशा क्रमानेंच अर्ज द्यावे. आणि फेरफार प्रमाणित झाल्यावर सातबारा व आठ-अ नव्यानें काढून प्रत्येकाचें नांव, वडिलांचें नांव व आडनांव आधारपत्राशीं अक्षरशः ताडून पाहावें. लेखनांतील चूक असेल तर १५५ व्या कलमाखालीं तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यांत द्यावा.