पाम करपतो तेव्हा आधी झारी खाली ठेवा

कुंडीतल्या पामची पानं तपकिरी पडू लागली की घरातला जो तो पाणी घालायला धावतो. आईला वाटतं झाड तहानलंय, मुलांना वाटतं आजी पाणी घालायला विसरली, कामाच्या मावशी जाता जाता उरलेला मग ओततात. नात्यागोत्यात नि शेजारीपाजारी मी जे पाम पाहिले, त्यांतले बरेचसे अशा मायेनेच गेले. म्हणून हे कळकळीने लिहिते आहे.

कोथरूडला माझ्या वहिनीकडे वास्तुशांतीला आलेला अरेका पाम आहे. ऐन मार्चमध्ये तिचा फोन आला, “ताई, रोज न चुकता तांब्याभर पाणी घालते, तरी टोकं करपतायत. अजून एक तांब्या वाढवू का?” म्हटलं, काही वाढवू नकोस, मी येऊन बघते.

झाडावर तपकिरी रंग दोन तऱ्हांचा होता. वरच्या झावळ्या हिरव्यागार, फक्त टोकं वाळून कुरकुरीत झालेली. खालच्या झावळ्या मात्र अख्ख्या पिवळ्या पडून मग तपकिरी होत मऊ लोंबलेल्या. एकाच झाडाला दोन वेगळी दुखणी होती, आणि दोन्हींवर जास्तीचं पाणी हा उपाय नव्हता.

आधी खालच्या झावळ्यांचं. बाहेरची पांढरी शोभेची कुंडी बिनभोकाची निघाली. आतली प्लॅस्टिकची कुंडी उचलली तर तळाशी चांगलं तीन बोटं पाणी, आणि त्याला गटारासारखा वास. मातीचा गोळा अलगद बाहेर काढला. निरोगी मूळ पांढरट आणि कडक असतं. इथे तळाची मुळं काळपट होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर भिजलेल्या शेंगेचं टरफल सुटावं तशी वरची साल हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात; कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून ओल्या मातीतलं झाडही तहानल्यासारखं दिसतं. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो.

आता टोकांचं. आतल्या कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी खरपुडी धरली होती. “पाणी कुठलं घालतेस?” विचारलं तर वहिनीने आरओखालची बादली दाखवली. फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी वाया घालवायचं नाही, हा तिचा विचार चांगलाच आहे. पण उन्हाळ्यात त्यांच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावला तर नळाचाच आकडा सहाशेच्या आसपास, आणि बादलीचा साडेआठशेच्या वर. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने धरलेली इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आरओ आपल्याला गोडं पाणी देतो तेव्हा मागे राहिलेले क्षार त्या बादलीत येतात. कुंडीतलं पाणी माती नि पानांवाटे उडून जातं, क्षार मात्र मागेच साठत राहतात. पानात चढलेले क्षार शेवटी टोकाशी गोळा होतात आणि टोक जळतं. हे पाणी फरशी पुसायला, संडास धुवायला वापरावं, कुंडीत नको. सॉफ्टनरमधून आलेलं पाणीही नको, त्यात सोडियम वाढलेलं असतं.

कुजलेली मुळं कात्रीने काढली. तेवढ्याच मापाच्या, भोकं असलेल्या कुंडीत माती, धुतलेलं कोकोपीट, जाड वाळू आणि थोडं गांडूळखत घालून पाम पुन्हा लावला. मोठी कुंडी मुद्दाम घेतली नाही. थोड्या मुळांभोवती फार माती असली की ती दिवसेंदिवस ओली राहते. जूनमध्ये पाऊस धरला तशी कुंडी गॅलरीत ठेवली. पावसाच्या पाण्याने क्षार जेवढे धुऊन जातात तेवढे दुसऱ्या कशाने जात नाहीत. काही बुंधे गेले, बाकीचे तगले.

तुमच्याकडे पाम करपत असेल तर तपकिरी रंग कुठे आहे ते आधी बघा. एकच सगळ्यात खालची झावळी वाळत असेल तर ती जुनी झाली, चिंता नको. फक्त खिडकीकडच्या बाजूला भाजल्यासारखे चट्टे असतील तर ते पश्चिमेचं ऊन आहे. कुंडी पडद्याआड घ्या. एसीचा झोत थेट पानांवर येत असेल तरी टोकं वाळतात. पान फिकट ठिपक्यांनी भरलं असेल आणि मागे बारीक जाळी दिसत असेल तर लाल कोळी आहे: ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा आणि लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल व साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा.

खरोखर तहानलेला पामही असतो. त्याची कुंडी उचलताना हलकी लागते, माती काठापासून सुटलेली असते, पानं लांबीत दुमडतात. नर्सरीतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवती चिकट लाल मातीचा गोळा असतो. तो एकदा कोरडा ठणठणीत झाला की वरून घातलेलं पाणी बाजूने घसरून भोकातून निघून जातं आणि आत थेंब पोचत नाही. अशी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवायची, मग निथळू द्यायची.

पाण्याला वार ठरवून देऊ नका. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर थांबा. कोरडं लागलं तर भोकातून वाहेपर्यंत सावकाश पाणी घाला आणि ताटलीत साचलेलं अर्ध्या तासात ओतून टाका. पुण्याच्या उन्हाळ्यात ही वेळ दोन-तीन दिवसांनी येते, पावसाळ्यात आठवडा-दहा दिवसही पाणी घालावं लागत नाही.

वाळलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. कापायचंच असेल तर तपकिरी कडेची बारीक रेघ ठेवून कापा, हिरव्यात कात्री घालू नका. जुन्या झावळ्यांवर नारिंगी-पिवळे ठिपके असतील तर पालाश कमी पडतंय. त्या झावळ्या कापू नका, कारण झाड त्यांतलंच पालाश ओढून नव्या पानाला देत असतं. खत घाला, पण मुळं कुजलेली असताना नाही. आधी मधला न उघडलेला कोंब हलकेच ओढून बघा. तो सहज उपटून आला आणि बुडाला घाण वास असला तर त्या बुंध्याचं काही होत नाही, तो तळापासून कापा. कोंब घट्ट असला तर झाड जिवंत आहे. नवी झावळी उघडेपर्यंत खताची पिशवी बंदच ठेवा.