वसुबारसेचे वासरू : एक घरगुती अभ्यास

मागील सत्रात काव्यशास्त्राच्या तासाला वात्सल्यरसाचा विषय निघाला होता. सरांनी फळ्यावर शब्दाची फोड करून दाखविली. 'वत्स' म्हणजे वासरू. वत्सावर माया करणारी ती 'वत्सल'. आणि तिचा भाव ते 'वात्सल्य'. आईच्या मायेला नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपल्या पूर्वजांना गोठाच आठवला, असे सर म्हणाले. साऱ्या वर्गाने ते वहीत उतरवून घेतले. मीही घेतले. पण माझे मन त्या वेळी आमच्या गोठ्यातल्या एका रिकाम्या खुंट्याकडे गेले होते. त्या खुंट्याविषयी कधीतरी लिहावे असे तेव्हापासून मनात होते. वार्षिकासाठी अभ्यासपर लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली, म्हणून हे धाडस करीत आहे. यात ग्रंथांचा आधार थोडा आणि गोठ्याचा जास्त आहे. प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. पावसाची ओढ कायमची. चार एकर जमीन, तीत ज्वारी-बाजरी, आणि फेब्रुवारी लागला की तळ दाखविणारी विहीर. घरात आजी, अण्णा, आई, तात्या, काकी आणि आम्ही चार भावंडे. कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गोठ्यात दोन संकरित गाई (गावात काळ्या-पांढऱ्या गाईलाही जर्शीच म्हणतात), एक म्हैस आणि पाच शेळ्या. बैल नाहीत. २०१७ साली शेवटची खिलार जोडी विकली, तेव्हापासून नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते.

जनावरांच्या पिलांसाठी आमच्या बोलीत जेवढे शब्द आहेत तेवढे माणसाच्या पोरांसाठीही नसतील. गाईचे ते वासरू. पण वासरू म्हणून कोणी थांबत नाही. मादी असेल तर कालवड किंवा पाडी, नर असेल तर खोंड, आणि खोंड अंगाने भरला की गोऱ्हा. म्हशीचे रेडकू, त्यात पारडी आणि टोणगा असा भेद. शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू. या शब्दांकडे मी पूर्वी कधी लक्ष देऊन पाहिले नव्हते. यादी करू लागले तेव्हा ध्यानात आले, की गाय आणि म्हैस यांच्याच पिलांना नर-मादीची नावे जन्मल्या क्षणी वेगळी मिळतात. कोकराला कोणी लगेच वेगळे नाव देत नाही. माझा तर्क असा, की जिथे नर आणि मादी यांचे नशीब वेगळे, तिथे भाषेलाही घाई होते. गाय व्याली की सगळ्या गावाचा पहिला प्रश्न एकच असतो, "काय झालं?" आणि उत्तरात 'वासरू' हा शब्द कधीच येत नाही.

आता सणाकडे वळते. आश्विन वद्य द्वादशी म्हणजे वसुबारस, जिला पोथीत गोवत्स द्वादशी म्हटले आहे. आमच्याकडे दिवाळीची सुरुवात या दिवसापासून होते. त्या दिवशी संध्याकाळी सवत्स धेनूची, म्हणजे वासरासह गाईची पूजा करतात. एकट्या गाईची पूजा चालत नाही. बायका गहू आणि मूग खात नाहीत, दूध-तूपही वर्ज्य असते. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतात. आजी सांगते की त्या दिवसाचे दूध वासराचे. निदान एका दिवसाचे तरी.

सजावटीची तयारी चार दिवस आधी सुरू होते. गोठ्याच्या भिंतींना चुना, खाली गेरूचा पट्टा, अंगणात शेणाचा सडा. काकी रांगोळीत गाईची पावले काढते; तिचा हात इतका बसलेला आहे की चिमटीतून रांगोळी सुटताना बोटे थांबतच नाहीत. मग शेणाच्या गवळणी. दारासमोर शेणाच्या लहान लहान बाहुल्या करून मांडतात, त्यांच्या डोक्यावर झेंडूची फुले खोचतात, कोणाच्या डोक्यावर घागर, कोणाच्या हातात रवी. एक पेंद्याही असतो, आणि तो मुद्दाम वाकडातिकडा करायचा अशी रीत आहे. पाडव्याला म्हणजे बलिप्रतिपदेला जनावरे धुऊन ओवाळतात. आमच्या भागातील धनगर त्या दिवशी मेंढरांची पूजा करतात. कोल्हापुरात तर म्हशींची मिरवणूक निघते. कवड्यांच्या माळा आणि मोरपिसे लावलेल्या म्हशी रस्त्यावरून दिमाखात चालतात. मी ती एकदा मावशीकडे गेले असता पाहिली आहे. म्हशीकडे इतके निरखून मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

बैलांचा सण वेगळा. आमच्याकडे तो आषाढात येतो, त्याला बेंदूर म्हणतात; विदर्भ-मराठवाड्यात श्रावणी अमावास्येला पोळा. आमच्या माळ्यावर अजून त्या सणाचे गाठोडे आहे. त्यात आरशांची झूल, दोन बाशिंगे, पितळी शेंब्या, घुंगरमाळा, आणि एका डबीत वाळून दगड झालेला हिंगूळ. बैल गेल्यापासून आम्ही बेंदराला कुंभाराकडचे मातीचे बैल पुजतो. गेल्या दिवाळीत धाकट्या भावाने ते गाठोडे खाली काढले आणि गाईला सजवायचा हट्ट धरला. पण संकरित गाईच्या शिंगांचे कोंब लहानपणीच जाळलेले. रंगवायला शिंगेच नाहीत आणि शेंब्या अडकवायला जागा नाही! त्याने तसेच कपाळावर बाशिंग बांधले, ते घसरून गाईच्या डोळ्यांवर आले. आजी हसून म्हणाली, "आरं, बिनशिंगाच्या गाईला बाशिंग म्हंजी टकलाला फेटा." शेवटी झेंडूची माळ आणि अंगावर गेरूचे ठसे यावर भागविले.

आनंद यादवांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीत शेतावर ट्रॅक्टर येतो आणि नारबाचा जनावरांशी असलेला संबंध तुटत जातो. ती आम्ही अवांतर वाचन म्हणून वाचली. मला मात्र वाचताना सारखे वाटत होते, की पुढे काय झाले तेही कोणीतरी लिहावे. बैल गेले, त्यांच्या जागी दुधाची गाय आली. आणि गाय दूध द्यायची तर तिला दरवर्षी वासरू व्हावेच लागते. त्या वासराचे काय?

रिकाम्या खुंट्याची गोष्ट इथे येते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमची थोरली गाय व्याली. खोंड झाला. आमच्या घरची रीत अशी, की वार पडल्याशिवाय वासराला आचळाला लावायचे नाही. लावले तर गाईला बाधते. त्या वेळी वार पडायला अख्खी रात्र गेली. वासरू रात्रभर ओरडत होते. सकाळी चीक काढला, आधी खरवसासाठी बाजूला ठेवला, शेजारी दोन घरी वाटला, आणि उरला तो वासराला पाजला. तो खरवस मी खाल्ला आहे. गूळ-वेलची घातलेला, थरथरता, उत्तम झाला होता. वसुबारसेला त्या गाय-वासराची पूजा झाली. वासराच्या कपाळाला मीच कुंकू लावले. पाडव्याला त्याला पांढरी हगवण लागली आणि भाऊबिजेच्या दिवशी ते गेले. आजीने दृष्ट लागली म्हटले. तात्या काही बोलले नाहीत. खोंडच होता, एवढेच कोणीतरी म्हणाले, आणि ते मला तेव्हा फारसे खटकलेही नाही.

पुढच्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पशुवैद्यक डॉक्टरांचे व्याख्यान झाले. बाकीचे विद्यार्थी मागे चुळबुळ करीत होते. मी मात्र वही भरून टिपणे घेतली. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच रोगप्रतिकाराची काही शिदोरी वारेतून मिळते. गाईचे तसे नसते. तिच्या वारेतून ही द्रव्ये वासराकडे जातच नाहीत, त्यामुळे वासरू जन्मते ते अगदी उघडे. त्याची सारी शिदोरी चिकात असते. पण ती शिदोरी आतड्यातून रक्तात उतरण्याची वाट जन्मानंतर हळूहळू बंद होत जाते, आणि चोवीस तासांत जवळजवळ मिटते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच चीक पोटात गेला पाहिजे. प्रमाण वजनाच्या एक दशांश, म्हणजे तीस किलोच्या वासराला दिवसभरात तीन लिटरच्या आसपास. उशिरा पाजलेला चीक पोट भरतो, पण रक्षण करीत नाही.

वारेविषयी मी शंका विचारली. डॉक्टर म्हणाले, तुमची रीत नेमकी उलटी आहे. वासरू आचळाला लागले की गाईच्या शरीरात असा एक स्राव होतो की ज्याने पान्हा सुटतो आणि गर्भाशयही आकुंचन पावते. म्हणजे वार पडायला मदतच होते. नाळ दोन-तीन इंच ठेवून कापावी, टोकाला आयोडीन लावावे, हेही सांगितले. आम्ही ते कधीच लावले नव्हते.

घरी येऊन हे आजीला सांगणे सोपे नव्हते. तिच्या हातून गावातल्या किती गाई सुटल्या असतील याची मोजदाद नाही. रात्री-अपरात्री लोक तिला बोलवायला येतात. दोन बुके शिकलेल्या नातीने तिला गोठा शिकवावा हे मलाच बरे वाटत नव्हते. मी वेगळा मार्ग धरला. विचारले, "आजे, शेळी व्याली की करडाला तू कवा पाजतीस?" ती म्हणाली, "लगेच. ते आपलं आपणच लुचतंय." "त्याची आई वार पडंस्तवर थांबतीय व्हय?" आजी गप्प राहिली. मग म्हणाली, "शेळीचं निराळं." पण तिच्या आवाजात नेहमीची खात्री नव्हती.

गेल्या वसुबारसेच्या आदल्या रात्री धाकटी गाय व्याली. पुन्हा खोंडच. तात्या कंदील धरून उभे होते (वीज नेहमीप्रमाणे गेली होती) आणि मी वासरू गोणपाटाने पुसत होते. ते अर्ध्या तासात उभे राहिले, पडले, पुन्हा उभे राहिले. मी आजीकडे पाहिले. वार पडलेली नव्हती. आजीने लुगड्याचा पदर खोचला, वासराची मान धरली आणि स्वतःच आचळ त्याच्या तोंडात दिले. "बगू तुजं बुक काय म्हंतंय," एवढेच बोलली. पहाटेपर्यंत वार पडली. या वेळी खरवसही झाला. वासराचे पोट भरून चीक उरतोच. फक्त शेजारी एका दिवसाने उशिरा गेला.

वासरू वाचले. भावाने त्याचे नाव वसू ठेवले. डॉक्टरांचे ज्ञान आणि आजीचा हात यांचा येथे मेळ बसला, असे लिहून लेख संपविता आला असता. पण प्रश्न त्यानंतरच सुरू झाला, आणि तो व्याख्यानात नव्हता.

वसू दिवसाला तीन लिटर दूध पितो. संकलन केंद्रावर आम्हाला लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास मिळतात. म्हणजे दिवसाचे नव्वद, महिन्याचे सत्तावीसशे रुपये वसूच्या पोटात जातात. कालवड असती तर तो खर्च पेरणीसारखा धरला असता. तीन वर्षांत ती दुभती झाली असती. खिलार खोंड असता तरी गोष्ट वेगळी होती. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. त्यामुळे चपळ खिलार खोंडाला आज मान आहे, पैसाही आहे. संकरित खोंडाला वशिंड नाही, जू मानेवर नीट बसत नाही, ऊन सोसत नाही. विकावा तर घेणार कोण? राज्यात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद होती. २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन बैल आणि वळू यांचीही बंद झाली. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले जाते, मी त्यात पडत नाही. पण कायद्याने खोंड मारायचा नाही म्हटले, आणि त्याला पोसायचे कोणी ते मात्र गोठ्यावर सोडले. मग काही ठिकाणी खोंड रात्री माळावर सोडला जातो, नाहीतर त्याचे दूध इतके तोडतात की तो आपोआप जातो. हे कोणी उघड बोलत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या आमच्या खोंडाला चीक उशिरा मिळाला तो केवळ रीतीमुळे, की तो खोंड होता म्हणूनही, हे मी घरात कोणाला विचारलेले नाही.

यावर एक उपाय निघाला आहे. लिंगनिर्धारित वीर्यमात्रा वापरली तर सुमारे नव्वद टक्के कालवडीच जन्मतात. ती साध्या मात्रेपेक्षा महाग पडते, आणि पहिल्या खेपेला गाय गाभण राहीलच असे नाही. तात्यांनी पुढच्या वेळी ती भरायचे ठरविले आहे. पण ते पुढच्या वासरासाठी. वसू तर येऊन बसला आहे.

एके दिवशी मी सत्राच्या फीचे पैसे मागितले. तात्या दूध घालून आले होते. किटली ठेवीत म्हणाले, "तुजी फी वसू प्यायला, पोरी." ते चेष्टेत म्हणाले, आणि पैसेही दुसऱ्या दिवशी दिले. पण हिशेब खरा होता. माझी फी, एस.टी.चा पास, ही वही, सगळे त्या किटलीतून येते. म्हणजे वासराचे दूध तोडणारे हात कोणाचे, हा प्रश्न विचारायचा तर मला सुरुवात माझ्यापासून करावी लागते. वात्सल्याची फोड वहीत लिहिताना हे सुचले नव्हते.

सध्या असा तोडगा निघाला आहे : वसूचे दूध दीड लिटरवर आणले असून सोबत ज्वारीच्या पिठाची पेज देतो. ती कल्पना आईची. त्याने आता कोवळे गवत चघळायला सुरुवात केली आहे. अण्णा म्हणतात, हलकी गाडी ओढायला शिकवून पाहू. काही लोकांनी संकरित बैल सकाळच्या थंड वेळी कामाला जुंपले आहेत. तात्यांचा त्यावर विश्वास नाही. त्यांनी बेंदरापर्यंतची मुदत दिली आहे. भावाने माळ्यावरच्या झुलीची उसवलेली कड शिवून घेतली आहे. वसूच्या शिंगांचे कोंब जाळू द्यायचे नाहीत, असेही त्याने घरात जाहीर करून टाकले आहे. परवा मी परीक्षेसाठी निघाले तेव्हा तो त्या खुंट्याला बांधलेला होता, आणि माझ्या पिशवीचा बंद चघळीत होता.